चोविसावा दात

भंगारातून किलोवर आणलं इरय्याकाकानं,
शिलाई मशीनहून बुटकं,
कंपनीचं नाव घासून गेलेलं, आकडे इंचात.
"मिलिंग हाय."
शेजारची कल्लव्वा ज्वारीचा डबा घेऊनच आली:
"मिल काढली म्हणं. पायलीभर दळून द्या की."

काका हसला नाही.
सोलापुरात मिल म्हटलं की
त्याला अजून भोंगा ऐकू येतो.

काकूनं विड्यांचं सूप चार बोटं सरकवलं.
तेवढीच जागा होती घरकुलात.

रात्री कटर पितळेत उतरला.
कीस उडून तंबाखूत पडला.
"सोन्याच्या विड्या. कारखान्यात छाट पडंल सगळी,"
काकू पुटपुटली, निवडत बसली.

मागाचं चाक. बाजारात कुठंच मिळत नाही आता.
चोवीस दात.
तेवीस नेटके बसले
आणि चोविसाव्याला जागा उरली अर्धीच.
प्रत्येकानं केसभर जास्तीचं खाल्लेलं.

ते चाक हल्ली तेंदूच्या पानांवर वजन म्हणून असतं.
काका नवी चकती बांधतोय शिकंज्यात,
दिवा जवळ ओढून
मोजतोय तेलुगूत, ओठातल्या ओठात:
ओकटी. रेंडू.
विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता
काकू म्हणते, मूडू.