एरवी

सिव्हिल लाइन्सला, कचेरीच्या भिंतीशी
वीस वर्षं मी लोकांचे फॉर्म भरतो.
फर्स्ट नेम, मिडल नेम, सरनेम.
चौकटी माणसांपेक्षा अरुंद.

"लिहा, सुलोचना मौंदेकर."
मौदा पाहिलंय का, बाई?
"नाई जी. बशीतून बोर्ड दिसला होता एकडाव."
नवऱ्याच्या खापरपणज्यानं सोडलेलं गाव
आता हिच्या मागे 'कर' लावून चालतं.

मेडन नेम?
"बापाचं आडनाव कायले इचारता,
माहं नावच कौतिका होतं.
यायनं ताटातल्या तांदळात अंगठीनं सुलोचना लिहिलं,
मंग ते तांदूळ शिजवले."

निकनेममधला न त्याचा स्वतःचा नाही म्हणे,
शेजारच्या शब्दातून घसरत आला
आणि राहिला. कोणी हटकलं नाही.
मला अजून सगळे टायपूच म्हणतात,
मशीन भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.

शेवटची चौकट: एलियस.
ती चोरांसाठी, म्हणालो, कोरी ठेवू.
पण फाटक्या डिक्शनरीत
त्या शब्दाचा लॅटिन अर्थ वाचला होता कधी:
एरवी.

पेन थांबला, मग चालला.
पन्नास झाले, बाई.
कौतिकानं चाळीसच दिले.