पोटखराबा

सातबाऱ्यावर आमच्या सड्याला एकच शब्द आहे,
पोटखराबा.
म्हणजे पिकत नाही, म्हणजे सारा नाही,
म्हणजे उद्या कुणी खणून नेला
तरी कुणाचं पोट दुखणार नाही.

मी होड्यांवर नावं लिहिणारा माणूस.
दर्यादौलत, एकवीरा, अल-मदिना.
फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध',
निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या भिंती.
देखावा काढलाच तर कॅलेंडरातला:
माड, शीड, बुडता सूर्य,
खाली किराणा दुकानाचा फोन नंबर.

खाणीची नोटीस पंचायतीच्या दारावर लागली
(खळ माझीच होती)
त्या जानेवारीपासून
दर महिन्याला एकाच कातळावर जाऊन बसलो,
खाडीकडे पाठ करून,
समोर जे होतं ते काढत.

तांबडा रंग विकत आणला नाही.
चिरा कुटला, वस्त्रगाळ केला,
जवसाच्या तेलात घोटला.
हात आठवडाभर तसेच राहिले,
होडीवाला म्हणाला, पेंटर, कुणाचा खून केलंस?

जुलैत गजाबायच्या नातवाने छत्री धरली,
तरी आभाळ थोडं ओघळलंच, तसंच ठेवलं.
ऑगस्टात मात्र हात चालेना.
सीतेच्या आसवांचा निळा
माझ्या कुठल्याच डब्यात नव्हता.
बोटभर मातीत, गुडघ्याएवढ्या धुक्यात
मैलभर पसरलेला निळा.
तीनदा पुसला. चौथ्यांदा जमला म्हणायचा.

साहजिकच ऑगस्ट पहिला विकला गेला.
पुण्याच्या कुणी डॉक्टरीणबाई, सुट्टीवर आलेल्या.
त्यातून वकिलाची फी निघाली
आणि नकाशाच्या चार प्रती.
अकरा महिने घेऊन आम्ही जनसुनावणीला गेलो,
हमिदाबीच्या टेम्पोत, चादरीत गुंडाळून.

तिने विहिरीचं सांगितलं.
सडा पाणी पितो, मग हळूहळू आम्हाला पाजतो,
मेअखेर माझा पोहरा अजून भिजतो, म्हणाली.
कंपनीच्या माणसाने पडद्यावर आलेख दाखवले,
आलेखात विहीर नव्हती.

प्रांतसाहेब चित्रांपाशी आले.
ऑगस्ट कुठाय?
विकला, साहेब. इथवर यायला.
ते हसले नाहीत.
मग एप्रिलपाशी थांबले.
एप्रिलमध्ये काहीच नाही,
करपलेला कातळ, काळे डाग, खडे,
वर पांढरं, डोळे दुखवणारं ऊन.
हेच तर आम्ही म्हणतो, कंपनीवाला पुढे झाला,
यात आहे काय?

मी म्हटलं, डाव्या कोपऱ्यात बघा, टिटवीची अंडी आहेत.

खुर्च्या सरकल्या. गर्दी झाली.
'माका तर धोंडेच दिसतत,' मागून कुणीतरी म्हणालं,
आणि गजाबाय तिथूनच ओरडली,
'तुका दिसली असती तर तिना थंय घातली असती काय?'

साहेबांनी चष्मा पुसला, घातला,
वाकले, आणखी वाकले,
बोट कॅनव्हासपासून दोन इंचांवर धरून
पाठ झालेल्या कातळात
पहिल्यांदा काहीतरी शोधू लागले.
पंखा तेवढा फिरत होता.

एक, म्हणाले. दोन.
ही तिसरी.
मग बराच वेळ गेला, आणि जरा मोठ्याने, खुशीत,
चार!

मी तीनच काढली होती.
चौथा खडा होता.

वकिलाने माझ्याकडे पाहिलं, मी चपलांकडे.
निकाल लागला नाही, पुढची तारीख पडली.
एप्रिलच्या पाठीवर जांभळा शिक्का बसला,
जरा तिरका,
आणि कारकुनाने खाली मान घालून
सरकारी कागदात आमच्या सड्याबद्दल
दुसरी नोंद केली:
चित्र एक, अंडी चार नग.