मिरजेतला मध्यम

सतारमेकर गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही,
म्हणून अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून
भोपळ्यांच्या दोन रांगांमधून
तिरका चालत आत गेलो.
"ये की कोळेकर," इलाहीचाचा म्हणाले, "पेटी भरली."

पेटी म्हणजे कॅबिनेट.
२००९ पासून या घरातनं गेलेलं प्रत्येक वाद्य
जाण्याआधी पाच मिनिटं वाजवून तिच्यात ठेवलेलं,
तारीख, गाव, घेणाऱ्याचं नाव.
एकदोन ठिकाणी मागनं थोरल्या भावाचा खोकला.
आता जागा उरलीय तेरा एमबी.
"नवी डिस्क घाल. जुनीला हात लावू नको."

बाजूचा पत्रा काढला.
आत तुणीच्या लाकडाचा भुसा,
पंख्याच्या पात्यांवर चपड्याचा तांबूस थर.
ब्रश चाचांनीच घेतला,
जवारीवरून फिरवावा तसा, श्वास धरून.

खालचा खण मोकळा होता.
डिस्क सरकवली, पत्र्याला पत्रा घासला
आणि चाचांचे दात शिवशिवले.
"मधी काहीतरी घाल रं.
हाडावर हाड ठेवतंय व्हय कोण?"
रबरी वायसर कंपनीनं दिलेच नव्हते.
त्यांनी कातड्याच्या चार टिकल्या कापून दिल्या,
न मोजता, एकसारख्या.

जाड आट्याचे चार स्क्रू लागतात.
बारीक आट्याचा आत जातो,
गोल गोल फिरतो, धरत नाही.
तीन बसले.
चौथा ड्रायव्हरच्या टोकावरनं सुटला,
एकदा टिण्ण वाजला
आणि गेला.

कॅबिनेट उलटं केलं, हलवलं,
मदरबोर्डखाली टॉर्च मारला.
अल्तमश सतरंजी झटकून आला.
"तीनवर चालतंय," मी म्हटलं.
"चार तारांचा तंबोरा तीनवर चालत न्हाई," चाचा म्हणाले.
पण तोवर चहा आला होता.

डेटाची केबल एकाच बाजूनं बसते, तिला तिचं नाक असतं.
पॉवरची रुंद, ती जरा दामटावी लागते.
बटण दाबलं.
जुनी आधी उठली, मागोमाग नवी.
पडद्यावर अजून अक्षर उमटलं नव्हतं
तोच चाचांनी बोट वर करून
पॉलिशवाल्या पोरांना गप्प केलं.

"ही जुनी, हा सा.
नवी म लावतीय."

मी लेबलं बघितली.
मिनिटाला पाच हजार चारशे फेरे, आणि सात हजार दोनशे.
मोबाइलवर भागाकार केला.
तीनास चार. तंतोतंत.
"मग? बाजाची तार मध्यमातच मिळवत्यात,"
ते म्हणाले, जरा रागानंच,
जणू मी त्यांचा हिशेब तपासत होतो.

आठ दिवसांनी फोन.
"तुझा स्क्रू घावला."
कुठं?
"हुबळीच्या तंबोऱ्यात. भोपळा उघडाच होता तुझ्या मागं.
तबली चिकटवली, तारा चढवल्या, पॉलिश झालं,
आणि आज कळतंय.
सा ला गप बसतोय. म लावला की आतनं कुरकुरतोय.
थांब, ऐक."

मी कान लावला.
मला फक्त तंबोरा ऐकू आला.
तरी म्हटलं, हो चाचा, वाजतोय.
चुंबक घेऊन येतो.