अक्षरी रुपये

सेशन कोर्टाच्या भिंतीला टेकून माझी ताडपत्री,
खाली जुनं गोदरेज मशीन,
ज्याचा 'ळ' दोन वर्षं अर्धाच उमटतो.
पानाला वीस रुपये.
भाडेकरार, नावबदल, पोटगी.
लोकांची रडगाणी मी समास सोडून टाइप केली,
मान वर करून पाहायची सवय नाही.

उल्हास चिंदरकर, वय अडतीस,
धंदा (पूर्वीचा) लिफ्ट दुरुस्ती,
राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी.
स्टुलावर बसला तोही कडेला,
अर्ध्याच स्टुलाची परवानगी असल्यासारखा.

"भरपाईचा अर्ज."
वकिलाने पेन्सिलीने कच्चं लिहून दिलेलं.
'कलम' असं लिहून पुढे जागा कोरी.
"कलम नाहीये म्हणे त्यासाठी. तुम्ही बाकीचं करा."

निकालपत्र बाजूला ठेवून मी उतरवत गेलो:
झवेरी बाजार, पेढीवर दरोडा, एक मयत, वेळ साडेसात.
आरोपी क्रमांक चार त्याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायचा.
एवढंच.
या 'एवढंच'ची अकरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस.

परिच्छेद ब्याण्णव: अंगझडतीत मिळालेली
औषधाच्या दुकानाची पावती, विक्रोळी पूर्व,
ग्राइपवॉटर, बाटली एक, वेळ सात चाळीस.
पंचनाम्यात नोंद होती तिची.
पाकीट मात्र कोणी फोडलं नव्हतं.
सबब, संशयाचा फायदा देऊन मुक्तता.

"फायदा," तो म्हणाला.
तेवढा एकच शब्द.
मी दुसरं पान चढवलं.

रक्कम किती?
त्याने वहीचा फाडलेला कागद उलगडला.
"दिवस चार हजार एकशे एकोणपन्नास.
तेव्हा रोज दोनशे ऐंशी मिळायचे.
त्यातले रविवार वजा करा, रविवारी आम्हाला सुट्टी असायची."
"आत होती का सुट्टी, रविवारी?"
तो विचारात पडला. खरोखरच विचार केला त्याने.
"मग राहू द्या रविवार."
आणि जरा वेळाने,
"आत जेवण मिळायचं. ते कापतील का?"

आई गेली तेव्हा बंदोबस्ताचे पैसे भरायचे होते,
जमले नाहीत, म्हणून जाता आलं नाही.
"न भरलेले पैसे परत मागता येतात का हो?"
आता लिफ्टची जाळी ओढल्याचा आवाज आला
की घाम फुटतो, जिनाच चढतो, दहावा मजला असला तरी.
ते कशात घालायचं?
आणि मुलगी. बारा वर्षांची झाली.
मामाला 'अरे मामा' म्हणते,
मला 'अहो बाबा'.
पाणी आणून देते, ग्लासखाली बशी धरून.
"याचं काही लावतात का?"

माझी बोटं थांबली होती.
तीस वर्षांत मी कुणाच्या बशीचा भाव काढला नव्हता.
टाइप केलं: अक्षरी रुपये,
मग टिंबं, टिंबं, टिंबं, आणि फक्त.
तो वाकून पाहत होता.
"टिंबं थोडी वाढवा. जागा कमी पडायला नको."

तीन पानं, साठ रुपये.
पैसे काढायला त्याने आधी चुकीचं पाकीट काढलं,
फुटक्या लाखेचं, मुद्देमाल परत मिळालेला:
टेस्टर, लहान पान्हा,
पाचशेच्या दोन नोटा, नोटाबंदीत मेलेल्या.
पावती नव्हती त्यात.
ती कोर्टाने ठेवून घेतली, फाइलला लावून.

दुसऱ्या खिशातून दहाच्या सहा नोटा निघाल्या.
मी ड्रॉवर लावला. तो उठेना.
"पावती," म्हणाला.

या फुटपाथवर पावती आजवर कोणी मागितली नव्हती.
अर्धा कागद फाडला, मशीनला लावला.
श्री. उल्हास चिंदरकर यांजकडून मिळाले,
अक्षरी रुपये साठ फक्त.
तारीख, सही.

"वेळ," तो म्हणाला. "वेळपण टाका."
मी मान वर करून आधी त्याच्याकडे,
मग घड्याळाकडे पाहिलं.
बारा वाजून दहा मिनिटं.
टाकली.