पार्टिशन

"बाबा, पार्टिशन टाकावं लागेल," शर्वाणी म्हणाली
आणि माझी नजर आधी गेली भिंतीकडे,
जिथं स्क्रूची अकरा भोकं आहेत,
लांबी भरूनही उन्हात दिसतात.

सुधाकरचं लग्न ठरलं तेव्हा
ह्याच खोलीत, कन्नमवार नगरात,
आठ फुटी प्लाय उभा केला होता आम्ही.
अलीकडे आम्ही, पलीकडे ती दोघं,
ट्यूब मात्र एकच, वरून दोन्हीकडे उजेड सांडणारी.
ती विझवायची कुणी, यावर दोन वर्षं काढली.
मग ते बदलापूरला गेले.

"भिंतीत नाही हो. डिस्कवर."

जुनी बाजू मला हवीच होती.
तिच्यात माझे फॉन्ट, वेलबुट्टीचा गणपती,
सतराशे लग्नपत्रिका
आणि त्याच फोल्डरात दशक्रियेची पत्रं,
कारण वेगळं फोल्डर करायला तेव्हा सवड नव्हती.
दुसरीकडे उघडली तर 'श्री'च्या जागी
डॉलर येतो आणि अर्धा कंस.
तिला नवी हवी, कॉलेजच्या कामाला.
फुकट आहे म्हणाली, कुणाच्या मालकीची नाही.
मी चष्मा पुसला.

आधी सगळं बाहेर काढून ठेवलं.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या काळ्या डबीत
चार तास पत्रिका उतरत राहिल्या,
नावं दिसत, जात:
वाघधरे–शेट्ये, तांडेल–नाखवा,
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं,
आणि मध्येच सुधाकरची,
माझं पहिलं काम.
'चि.' एक केसभर खाली घसरलेला.
छापून वाटून झाली तरी दिसला नव्हता.

मग तिनं जुनीला आकसायला सांगितलं.
पडद्यावर एक पट्टी, टोकाला बाण,
तो ती डावीकडे ढकलत गेली.
"एवढी पुरेल?"
"अजून थोडी राहू दे."
"निम्मी तर रिकामीच आहे, बाबा."
रिकामी असते म्हणजे नको असते असं नाही,
हे मी बोललो नाही.
सुधाकरच्या वेळी बोललो होतो.

एकदा सुरू झालं की वीज जाता कामा नये.
मिक्सर लावला की आमचा फ्यूज उडतो,
म्हणून हिनं खोबरं खलबत्त्यात कुटलं
आणि प्रत्येक घावाला आम्ही दोघं दचकलो.
बावन्न टक्क्यांवर पट्टी अडली.
शर्वाणी नख खाऊ लागली, लहानपणी खायची तसं.
पडदा काळा झाला.
कोपऱ्यात एक रेघ, उघडझाप करणारी,
बाकी काही नाही.
"पहिल्यांदा असंच होतं का?"
"मलाही पहिल्यांदाच आहे."

मग दोन ओळी आल्या.
वरची तिची. खालची माझी.
दहा सेकंद गप्प बसलं तर वरची आपोआप सुरू होते.
"वरची का?"
"नंतर येणारी वर बसते."
हिनं आतून विचारलं, मिक्सर लावू का आता?

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो.
परबांची पत्रिका काल रात्रीच द्यायची होती.
बाण खाली नेला. खालची निवडली.
सगळं जागच्या जागी, गणपतीसुद्धा,
फक्त कोपऱ्यातलं घड्याळ
रात्रीचे साडेदहा दाखवत होतं, तारीख कालची.

शर्वाणीला हलवलं.
दोघींचं वेळेवर जमत नाही, ती झोपेतच म्हणाली,
एक आपली वेळ धरते, एक ग्रीनिचची,
साडेपाच तासांचा घोळ. एक ओळ लिहिली की मिटेल.
"राहू दे. झोप तू."

परबांचं काम पुढ्यात घेतलं. अजून काल होता.
मुदतीच्या आत होतो.
'चि.' दोनदा तपासला, 'चि. सौ. कां.'सुद्धा.
मग वाटलं, साडेदहाला सुधाकर जागा असतो,
त्या घसरलेल्या अक्षराचं सांगावं एकदा.
फोन उचलला.
त्याच्यावर चार वाजून सहा मिनिटं झाली होती.