कप्प्यांचा क्रम

शालिक वायरमननं केलं ते चांगल्या मनानंच.
पोळ्याला बैल धुवावा
तसं त्यानं जिनिंगचं यंत्र उघडलं,
रुईचा भुगा फुंकून काढला,
स्मृतीच्या चारही पट्ट्या उपसून
कोरड्या फडक्यानं पुसल्या
आणि हाताला लागतील तशा परत खोचल्या.

यंत्र उठलं. पंखा फिरला.
पडद्यावर एकच ओळ आली : ओळख पटत नाही.
खाली प्रश्न : नव्यानं सुरू करू?
हो. नाही.

दिवाणजींचा फोन आला तेव्हा मी वणीत
नाश्त्याच्या बशीसमोर.
"हो दाबून टाकू का, मॅडम?"
म्हटलं, दिवाणजी, हात खिशात घाला.
मी येईपर्यंत काढू नका.

साधी आठवण लाईन गेली की जाते.
आणि लाईन तर इथं
पाहुण्यासारखी येते, चहा न घेता जाते.
म्हणून ह्या पट्ट्या बसवल्या होत्या,
अंधारातही न विसरणाऱ्या.
पण न विसरणं वेगळं
आणि आठवणं वेगळं.

एका पट्टीत एक गोष्ट पुरी नसते.
पेरणी असते ती.
एक तास ह्या पट्टीत, दुसरं तिच्यात,
तिसरं पलीकडं, चौथं भिंतीकडच्या कप्प्यात,
मग पुन्हा पहिलीकडं वळण.
चाड्यात ज्वारी, मागं सरत्यातून तूर :
सरता धरणारीनं जागा बदलली
तर दाणा तोच, वावर तेच,
कापायला गेलेला माणूस मात्र धुऱ्यावर उभा,
हे कोणाचं शेत म्हणत.

काट्यावरचा मोतीराम उइके
माझ्यामागं उभा राहून बघत होता.
"आमचं गाव धरणात गेलं तवा," तो म्हणाला,
"नव्या जागी चिठ्ठ्या टाकून घरं देल्ली.
मानसं सारी तेच. वळ वेगळी.
माय माही दोन वर्सं
भिंतीवरून गिरजाले हाका मारे,
अन् पलीकडून वो द्यायचा कोतवाल."

मी हसले. तो हसला नाही.

पट्टीच्या काठावर तिचं स्वतःचं टाचण असतं :
मी कोणत्या चौघींतली, कितवी, शेजारीण कोण.
दोघींनी धड सांगितलं.
दोघींचं टाचण विटलेलं.
चूक केली तर यंत्र नाही म्हणेल, हे बरं.
भीती वेगळीच असते :
की ते हो म्हणेल,
आणि कोणाचा कापूस कोणाच्या नावावर
बिनचूक छापेल.

टॉर्च घेऊन कप्प्यांत वाकले.
तिसऱ्याच्या तोंडाशी पालीच्या अंड्याचं
अर्धं कवच चिकटलेलं.
उरलेलं अर्धं, शालिकच्या फडक्यातून सुटलेलं,
एका पट्टीच्या कोपऱ्यात.
इतकंच. एवढ्यावर मी
अख्खा हंगाम परत ठेवला.

मोतीरामनं खिशातून घडी काढली,
दिवाळीनंतरच्या एका पावतीची कार्बनप्रत.
चौदा क्विंटल साठ. गाडी तीच, ओलावा तोच.
पडद्यावरही चौदा साठ.
तरी मी आणखी अकरा पावत्या मागितल्या.
दिवाणजींनी तेव्हा कुठं हात काढले.

मग लाल नेलपॉलिशनं
पट्ट्यांवर आणि कप्प्यांवर आकडे घातले,
एक, दोन, तीन, चार.
शालिकला म्हटलं, उद्या नवं यंत्र येईल,
कप्पे आठ असतील. असू देत.
आधी सारं बाहेर उतरवून घ्यायचं,
ताळा बघायचा,
यंत्राला सांगायचं की आता हलवतोय तुला,
आणि मगच हात लावायचा.

"आमाले कोनं सांगतलं होतं," मोतीराम म्हणाला,
माझ्याकडं न बघता,
आणि काट्यावर गेला.
फाटकात ट्रॅक्टरवाला कधीचा हॉर्न वाजवत होता.