एक सूत

कपिलेश्वराच्या पुलाचा चढ लागला
की पायडल एकदम रिकामं व्हायचं,
जिना उतरताना अंधारात शेवटची पायरी नसावी, तसं.
मागं सुताचं गाठोडं, पाठीशी हॉर्न देणारी सिटी बस,
आणि मी अर्ध्या चढावर, एका पायावर.

घरी सगळ्यांचं म्हणणं, गुडघा.
जाऊबाईंनी चोळायला तेल दिलं.
भाच्याचं म्हणणं, कॉटर पिन.
कॉटर बदलली. पुलाला तिच्याशी
काही देणंघेणं नव्हतं.

वडगावात गिरणीच्या बोळाला लागून
दावलसाब नदाफाचं दुकान. एक पंप,
पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं,
छताला टांगलेली चाकं, वारा आला की उगीच फिरणारी.
"कवा घसरती? उतारावर?"
चढावर.
"रिकामी असताना?"
नाही. गाठोडं असताना.
"मग गुडघ्याला तेल कशाला लावूलाय?"
वास आला होता त्याला.

चेनकव्हर काढलं.
पुढच्या चक्राच्या नाकाशी साखळी चिमटीत धरून ओढली.
सैल बांगडी मनगटावरून उचलावी तशी ती उचलली गेली,
खाली अर्धा दाता उजेडात.
मग आतून पोरीची शाळेची पट्टी मागवली,
कर्कटकानं तिच्यावर कन्नडमधून नाव कोरलेलं.
शून्य एका खिळीच्या मध्यावर.
बारावर दुसरी खीळ यायला पाहिजे, बरोबर मध्यावर.
ती पुढं निघून गेली होती.

"सवदैती," तो स्वतःशी म्हणाला.
मग माझ्याकडं वळून, "झिजलीया. एक सूत."

सूत.
माझ्या केसांत, पदरात सकाळपासून चिकटलेलं असतं ते वेगळं.
हे लोखंडाचं, इंचाचा आठवा हिस्सा.

मी म्हटलं, ताणली असेल, रोजचं ओझं.
"लोखंड कुठं ताणतंय, अक्का.
एकेक खीळ आपल्या भोकात बसून थोडी थोडी खाती.
एकटीचं कळत नाही.
बारा इंच मोजलं की कळतंय."
पुसता पुसता पुढं म्हणाला,
"अर्ध्या सुतावर आला असता तर नुसती चेन भागली असती.
आता फ्रीव्हील पण."

चेनच घाला, मी म्हटलं.
त्यानं हुज्जत घातली नाही.
पंच, हातोडी, ठक. जुनी घमेल्याशेजारी मुटकुळं करून पडली.
नवी तिच्याशेजारी धरून कड्या मोजल्या,
(लांबीवर नाही, कड्यांवर मोजायची, हे मला तेव्हा कळलं)
चार काढल्या, लॉक बसवलं,
क्लिपेचं बंद तोंड चालीच्या दिशेला.

दुसऱ्या दिवशी पुलावर
नवी साखळी दात्यांवरून उड्या मारत गेली.
कट्. कट्. कट्.
जुनीपेक्षा वाईट. बसवाला या वेळी थांबून बघत राहिला.

परत.
दावलसाब हसला नाही, हे मला अजून आठवतं.
फ्रीव्हील सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं:
दाते सगळे एका अंगाला कललेले,
वाऱ्यातल्या जोंधळ्यागत.
"ह्येंना जुनीच्या मापाची सवय. दोघं मिळून झिजली,
म्हणून इतके दिवस चाललं तुमचं."
शंभर तेव्हा दिले. उरलेले शनिवारी, वटाव मिळाल्यावर.

आता पुलावर पायाखाली पायरी असते.
त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बस मागं राहते एवढंच.

जुनी मी मागून आणली होती.
आमच्या चार नंबरच्या मागाला बिमाचं वजन कमी पडायचं,
ताणा ढिला, कापड पातळ.
विटेच्या जोडीला ती टांगली, कागदात, वर चिंध्यांत गुंडाळून.
कापड दाटून येतंय.

परवा भाचा म्हणाला, काकू, तिला थोडं तेल घालू?
गंज चढंल.
म्हटलं, राहू दे.
सुताला लागेल.